काळीत बांधलेले घर

मे महिन्यातली दुपार होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मी पंख्याखाली बसलो होतो आणि गुण देता देता मला डुलकी लागत होती. एकाएकी शेजारच्या खोलीतून 'टक्' असा आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मांजराने काही पाडले असेल म्हणून मी पुढची उत्तरपत्रिका ओढली. थोड्या वेळाने बाबांची हाक आली, "बाबू, इकडं ये बरं जरा."

बाबा पलंगावर उठून बसले होते आणि मान वर करून भिंतीकडे पाहत होते. त्यांच्या उशाशी खिडकी आहे. तिच्या वरच्या कोपऱ्यापासून छताकडे एक तिरपी रेघ गेली होती. जवळ जाऊन पाहिले, तर ती रेघ नव्हती, चांगला तडा होता. त्यात पोस्टकार्ड सहज गेले असते. पलंगपोसावर गिलाव्याचे दोन पोपडे पडले होते. बाबांनी ते उचलून माझ्या हातावर ठेवले, जणू दुकानातून मोड आणून दिली!

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा मोठा हुशार. बांधून झाल्यावर काय काय पाहावे लागते, ते त्याने गुलदस्त्यात ठेवले.

आमचे गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातले, पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाच्या शेजारचे. वर कापूस आणि खाली चुनखडी, अशी या मुलखाची रचना. भूशास्त्राच्या पुस्तकांत या खडकांना 'पैनगंगा' हेच नाव आहे. त्या चुनखडीपायी 2022 साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. वर्षाला सुमारे 39 लाख टनांची त्याची क्षमता. पण माझे घर त्याच्या आधीचे. नोकरी वणीच्या एका महाविद्यालयात, मराठी शिकवण्याची. वणीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहण्यापेक्षा आपल्या गावात आपले घर असावे आणि एस.टी.ने जाऊन-येऊन करावे, असा विचार करून 2011 साली गावाबाहेर एका शेताचे प्लॉट पडत होते, त्यातला एक घेतला. 2013 साली बँकेचे कर्ज काढून विटांचे, स्लॅबचे घर उभे केले. तोपर्यंत आम्ही गावठाणातल्या जुन्या मातीच्या घरात होतो. आई गेली त्याच घरात. वास्तुशांतीनंतर बाबांना मी जवळजवळ हाताला धरून नव्या घरी आणले आणि सगळ्यांत मोठी, दोन खिडक्यांची खोली त्यांना दिली. तडा गेला तो नेमका त्याच खोलीला.

ही गोष्ट 2023 सालची. आता मी प्राध्यापक माणूस. शब्दाला शब्द लावण्यात माझा जन्म गेला, विटेला वीट लावण्याचे ज्ञान शून्य. गावातल्या एका ठेकेदाराला बोलावले. त्याने तड्यावर टिचकी मारली, डॉक्टर छातीवर मारतात तशी, आणि निदान केले, "सर, हे काहीच नाही. नुसता गिलावा सुटला." चार दिवस दोन माणसे घरात होती. तडा रुंद करून त्यात सिमेंट भरले, वर पांढरी लुकण लावली, खोलीला नवा रंग दिला. चौदा हजार रुपये झाले. भिंत अशी गुळगुळीत झाली की, आमच्या सौभाग्यवतींनी लगेच तिथे देवीची तसबीर टांगली.

जुलैत झड लागली. ऑगस्टमध्ये बाबांच्या खोलीचे दार लागेना. लाकूड फुगले असेल म्हणून सुताराकडून ते तासून घेतले. मग फरशीच्या मधोमध एक उंचवटा जाणवू लागला. वाटाणा ठेवला तर घरंगळत कोपऱ्यात जाई. भरलेल्या तड्यावरची लुकण ओठ बाहेर यावा तशी फुगून आली. दिवाळीपर्यंत सारे शांत झाले आणि मी ते विसरून गेलो. घरमालकाइतका विसराळू प्राणी दुसरा नाही. पुढच्या मे महिन्यात तो तडा उघडला आणि येताना सोबतीला भाऊ घेऊन आला. आता पोस्टकार्ड नव्हे, माझी करंगळी आत जात होती.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी म्हणाले, वास्तूचा दोष. ईशान्येला न्हाणी आहे. कोणी खाणीच्या सुरुंगांकडे बोट दाखवले. हे दुसरे कारण मला फार आवडले होते, खोटे कशाला सांगू! दोष लांबच्या कोणावर तरी जाईल, तितके बरे. एका दुसऱ्या ठेकेदाराने ती बाजू पाडून, खांब उभारून नव्याने बांधण्याचा अंदाज दिला: साडेसहा लाख. घराच्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते. घरात शिल्लक होते ते दोन लाख. मुलगी बारावी झाली होती, तिला पुण्याला शिकायला पाठवायचे म्हणून बाजूला ठेवलेले. त्या रात्री सौ. आणि मी स्वयंपाकघरात बराच वेळ बसलो. बोलणे फारसे झाले नाही. दर थोड्या वेळाने एकजण उठे आणि बाबांच्या खोलीत डोकावून येई. त्यांचा पलंग आम्ही दुसऱ्या भिंतीशी सरकवला होता. पण छत तेच.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी आठवला. अकरावीला मी त्याला मराठीत जेमतेम उत्तीर्ण केले होते. पुढे तो स्थापत्य अभियंता झाला आणि नागपूरला असतो. निरोप मिळताच तो रविवारी आला. चहाही न घेता आधी घराला बाहेरून दोन प्रदक्षिणा घातल्या. मग विचारले, "सर, पावसाळ्यात तडा मिटतो का?"

"मिटतो."

"दार लागत नाही ते पावसाळ्यातच?"

"हो."

"मग सुरुंगांचा संबंध नाही. सुरुंगाला ऋतू नसतो."

त्याने एक कुदळ मागवली आणि बाबांच्या खोलीच्या कोपऱ्याशी, बाहेरून, एक खड्डा खणायला लावला. कमरेइतके खाली गेल्यावर आमचा पाया लागला, आणि तिथेच तो संपला. त्याच्याखाली तीच काळी, चकचकीत माती होती, जी वर होती. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तर जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की, त्याने एक लांब काडी आत सोडली ती दिसेनाशी झाली. "सर, तुमचे घर हलते आहे," तो म्हणाला. "दर वर्षी वर जाते आणि खाली येते. सगळे एकदम गेले असते तर कळलेही नसते. पण एक कोपरा आधी जातो, दुसरा मागून."

मग त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. काळ्या मातीच्या कणांची रचना पोथीच्या पानांसारखी असते. पाऊस पडला की पाणी त्या पानांच्या मधे शिरते आणि पोथी फुगते. उन्हाळ्यात पाणी जाते आणि ती मिटते. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणावर आमचा कापूस उभा आहे. घराला मात्र तोच गुण भोवतो. आमच्या घराच्या एका बाजूला स्वयंपाकघराचे सांडपाणी सोडलेले होते आणि त्यावर सौ.ची केळी लागलेली. ती बाजू बारा महिने ओली. बाबांच्या खोलीची बाजू पश्चिमेची, उन्हात तापणारी, तिथली माती वैशाखात वाळून आकसलेली. त्यात न्हाणीचा एक नळ जमिनीखाली कुठेतरी झिरपत होता. म्हणजे घराचा एक पाय ओल्यात, एक कोरड्यात. तडा जाईल नाही तर काय!

हे दुखणे एकट्या वऱ्हाडाचे नाही, हे त्याच्याकडून कळल्यावर जरा बरे वाटले. लंडन शहराखाली अशीच फुगणारी चिकणमाती आहे. 1976 च्या उन्हाळ्यात इंग्लंडात मोठे अवर्षण पडले, तेव्हा तिकडच्या हजारो घरांना तडे गेले. तेथील विमा कंपन्यांनी पाया खचण्याचे नुकसान विम्यात धरायला 1971 पासून सुरुवात केली होती. पाचच वर्षांत त्यांचे डोळे उघडले! आपल्याकडेही यावर पुष्कळ काम झाले आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी कंदासारखे फुगीर असणारे खांब प्रचारात आणले. ते हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन जमिनीला घट्ट धरतात. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की, काळ्या मातीवर मुरुमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालची माती गप्प बसते. घर बांधताना यातले एकही नाव माझ्या कानी नव्हते. बँकेने सातबारा मागितला, अकृषक परवाना मागितला, नकाशा, जामीनदार, पगाराचे दाखले मागितले. घराखाली माती कोणती, हे मात्र ना बँकेने विचारले, ना मी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

जुलैत महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण साहित्याच्या तासाला मी दरवर्षी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'विषयी बोलतो. पुस्तक 1915 सालचे. त्यातली गावाची परिभाषा मुलांना समजावून द्यावी लागते. गावाच्या दोन जमिनी, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. हे मी गेली अठरा वर्षे सांगत आलो आहे. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण वस्तीला पांढरी का म्हणतात?"

माझे उत्तर तयार होते. म्हणालो, पिढ्यानपिढ्या माणसे एका जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हे सारे मिसळून जमीन फिकट होते. पुरातत्त्वाचे लोक जुन्या वस्तीची टेकाडे ओळखतात, ती या पांढऱ्या मातीवरूनही. शिवाय पूर्वीचे लोक घरासाठी उंचवट्याची, पाणी न धरणारी जागा पाहत. काळीत कोणी घर... आणि वाक्य तिथेच तुटले. खडू हातात, तोंड उघडे. मुलांना वाटले, सरांना चक्कर आली.

काळीत कोणी घर बांधत नसे. भाषेने हे एका शब्दात सांगून ठेवले होते. त्या शब्दावर मी अठरा वर्षे पगार घेतला, प्रश्न काढले, दहा-दहा गुण दिले, आणि घर बांधले ते काळीत!

परतताना एस.टी.त आणखी एक गोष्ट आठवली. 2011 साली प्लॉट घ्यायच्या आधी बाबांना मी तो दाखवायला नेले होते. पऱ्हाटीची वाळलेली धसकटे अजून उभी होती. बाबा खाली बसले, एक ढेकूळ फोडले, मूठभर माती तळहातावर घेऊन तिच्यावर थुंकी टाकली आणि बोटाने वळली. तिची वात झाली. मग हात झटकून उठले आणि जे बोलले, ते मला तेव्हा म्हाताऱ्या शेतकऱ्याचे असंबद्ध बोलणे वाटले होते. घरी आल्या आल्या मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही तेव्हा मला अडवलं का नाही?"

"सांगतलं होतं ना बाबू."

"कधी?"

"म्हटलं नव्हतं काय, इथं कपाशी चांगली होईन?"

एवढे बोलून ते पुन्हा पेपर वाचू लागले. रागावले असते तर सोपे गेले असते.

अभियंत्याचे म्हणणे होते की, पावसाळाभर त्या खोलीत कोणी निजू नये. बाबांना दुसऱ्या खोलीत हलवू म्हटले, तर ते म्हणाले, मी आपल्या घरी जातो. 'आपल्या घरी' म्हणजे गावठाणातल्या. अकरा वर्षे ते घर कुलपात होते. जाऊन पाहिले तर कवेलू जागोजाग सरकलेले, एका आढ्याला वाळवी, परसाकडची भिंत पावसाने खंगलेली. पण पुढच्या दोन खोल्या उभ्या होत्या. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. तडे त्यांनाही होते, पण बाबा त्यांना तडे म्हणत नाहीत. त्यांच्या वयाचे एक मिस्त्री आले, शिडी लावून कवेलू फेरले, सागाचे दोन फाटे बदलले. गल्लीतल्या दोन बायांनी माती आणि भुसा तुडवून भिंती लिंपल्या, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. आठ दिवसांत घर राहण्याजोगे झाले. खर्च? पहिल्या वेळी मी लुकणीला दिला, त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. लहानपणी दर वैशाखात हे सारे घरात चालायचे. कवेलू फेरणारा यायचा, आई लिंपण करायची. आम्ही त्याला दुरुस्ती म्हणत नव्हतो. कुरडया-पापडांसारखे तेही एक उन्हाळी काम होते. अर्थात त्या घरात सुखच सुख होते असे नाही. पावसात तीन ठिकाणी भांडी मांडून निजणे कसे असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी मातीच्या घराचे गोडवे गाऊ नयेत. सौ. तर म्हणते, की ते लिंपण तुमच्या आईने केले म्हणून तुम्हाला गोड लागते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या पावसाळ्यात मी रात्री बाबांच्या सोबतीला जुन्या घरात निजत असे. नव्या घरात सौ. आणि मुलगी. दिवसा तिथे एकच काम: तड्यांवर लक्ष ठेवणे. अभियंत्याने तड्यावर आडवी, काचेची बारीक पट्टी सिमेंटने चिकटवून दिली होती. भिंत हलली की काच तडकते. पहिली पट्टी एकोणिसाव्या दिवशी तुटली. बाबा रोज सकाळी काठी टेकत येत, चष्मा लावून पट्टी पाहत आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहीत.

साडेसहा लाखांचा बेत आम्ही सोडला. अभियंत्याने सांगितले, आधी पाणी आवरू. भिंत मागून पाहू. काम दिवाळीनंतर, मार्गशीर्षात धरले. तडा पुरता उघडाही नसतो आणि पुरता मिटलेलाही नसतो, तेव्हा. न्हाणीचा झिरपणारा नळ शोधून बदलला. स्वयंपाकघराचे सांडपाणी बंद पाइपातून लांब नेले. केळी काढावी लागली, सौ. त्या दिवशी माहेरी गेली होती, मुद्दाम. मग घराभोवती, जोत्याला लागून, पाच फूट रुंदीची काळी माती उपसून काढली. तिथे मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केला. वर जाड प्लास्टिक आणि त्यावर बाहेर उतरती फरशी. त्यामुळे पावसाचे पाणी भिंतीशी मुरत नाही आणि उन्हाळ्यात भिंतीखालची ओल उडत नाही. गच्चीच्या पाण्याला पन्हळ लावले. सगळ्यांत शेवटी भिंत. तड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत लोखंडी सळ्यांचे टाके घातले, डॉक्टर जखमेला घालतात तसे, आणि मग ते बुजवले. एकूण 1,72,000 रुपये झाले.

मुलगी पुण्याला गेली नाही. नागपूरला मावशीकडे राहून शिकते आहे. "तिकडचं कॉलेजही चांगलं आहे बाबा," असे तिनेच मला समजावले. तिने आदळआपट केली असती, तर मीही काहीतरी बोललो असतो.

वसाहतीत आता आणखी घरे होत आहेत. कारखाना आल्यापासून मागणी वाढली आहे. कोणाचा पाया खणला जात असेल, तर बाबा काठी टेकत तिथे जातात, मूठभर माती घेतात आणि वळून पाहतात. मी त्यांच्याबरोबर जातो आणि ते जे एका वाक्यात म्हणतात, त्याचा मालकाला सविस्तर अर्थ सांगतो: आधी मातीची परीक्षा करून घ्या, मुरूम भरा, पाया खोल न्या. एकाने ऐकले. दुसऱ्याने विचारले, "सर, तुम्ही तर मराठीचे ना?"

यंदाचा उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. बाबा अजून दोन्ही घरांत राहतात. जेवायला इकडे, निजायला तिकडे. दिवाळीसाठी आम्ही नव्या घराला आतून रंग दिला. रंगारी बाबांच्या खोलीत पेन्सिलीच्या तारखांवर ब्रश फिरवणार, तोच सौ.ने त्याला थांबवले. ती वीतभर भिंत तेवढी तशीच सोडली आहे. तिथली जानेवारीत चिकटवलेली काचेची पट्टी आज सकाळपर्यंत अखंड आहे.